गार माती

पेनाचं टोपण माझ्या स्क्रीनवर आपटायचं आणि म्हणायचं, "रंगावर जाऊ नकोस, कॉन्व्हेंट." मॅडमची सकाळ अशी सुरू व्हायची. कॉन्व्हेंट म्हणजे मी. माझं नाव त्यांना माहीत होतं, वापरायचं नव्हतं.

कन्नड मुलखात, मारतहळ्ळीच्या एका काचेच्या इमारतीत बसून आम्ही कॅनडातल्या शेतांचं काम करायचो. उपग्रहाचे फोटो आणि तिथून आलेले माती परीक्षणाचे आकडे यांवरून कुठल्या शेतात किती खत घालावं, हे आमचं सॉफ्टवेअर सांगायचं. खिडकीबाहेर बारा महिने तोच ट्रॅफिक, आणि स्क्रीनवर अर्धं वर्ष बर्फाखाली गेलेली जमीन. त्या जमिनीवर प्रत्यक्ष चाललेल्या आमच्यात एकट्या मॅडम. मूळच्या निपाणीकडच्या, मातीवर संशोधन करायला तिकडे गेल्या आणि बरीच वर्षं राहून आल्या.

मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगते, कारण अशा आठवणी लिहिताना माणूस हळूहळू गोड होत जातो. त्या गोड नव्हत्या. माझा रिपोर्ट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि मग विचारायच्या, हे लिहिताना डोकं कुठं ठेवलं होतंस. डबा एकट्या खायच्या. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की हेडफोन चढवायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल. ते लिफ्टमध्ये दिसलं की आपल्याला जिना आवडू लागतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मीटिंगमध्ये राग आला की त्या मराठीत शिरायच्या. मराठी कळणारी टीममध्ये मी एकटीच. बोलणी टीम हेडला, पण नजर माझ्यावर. मग सगळ्यांचीच नजर माझ्यावर. मी टेबलाकडे बघत राहायचे.

भांडण एका ओळीचं होतं. तिथली माती काळीभोर, कसदार. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुरेसं आहे असं आकडे सांगत होते, म्हणून सॉफ्टवेअर सल्ला द्यायचं: पेरताना स्फुरद नको. खत वाचतं, म्हणून हेडला ती ओळ फार प्रिय होती. मॅडमचं म्हणणं, पेरणीच्या वेळी तिथली माती गार असते, कोवळ्या मुळांना तिच्यातलं काही उचलता येत नाही. आणि हंगाम इतका आखूड की मागे पडलेलं पीक पुढच्या थंडीत सापडतं. हेड म्हणाला, डेटा असं म्हणत नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काय बघालीस? सांग की या गाढवाला. डबे भरलेत, पण घरात अजून कुणी उठलंच नाही. पोराच्या तोंडापाशी घास नको ठेवायला?"

मी वहीत तारीख लिहायला घेतली.

पुढच्या आठवड्यात एचआरच्या मुलीने मला बोलावलं. स्वल्प, म्हणजे कन्नडमध्ये थोडी, मदत हवी, म्हणाली. खोलीत हेड होता आणि कंपनीचे संचालकही. हेडने तक्रार केली होती की मॅडम आपल्या भाषेत त्याचा अपमान करतात. त्या नेमकं काय बोलतात, ते मी सांगायचं होतं. त्यावर मॅडमची नोकरी ठरणार होती. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. एका शब्दात काम होणार होतं.

"शिवी दिली ना?" हेडने विचारलं.

"गाढव म्हणाल्या," मी म्हणाले. "का म्हणाल्या, तेही सांगू का?"

आणि कधी न बोलणारी मी डब्यांचं, न उठलेल्या घराचं आणि पोराच्या घासाचं इंग्रजीत सांगत बसले. डबे म्हणजे मातीतलं स्फुरद, पोर म्हणजे कोवळं रोप. गाढव मी गाळलं नाही. मला ते गाळायचंच नव्हतं. संचालकांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारले. ते सगळे स्फुरदाबद्दल होते.

मॅडमना जावं लागलंच. ओळ मात्र बदलली. संचालकांनी कॅनडातल्या भागीदाराला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे बहुतेक सगळे पेरतानाच बियापाशी स्फुरद देतात, तुम्हाला ठाऊक नव्हतं? नव्या ओळीखाली नाव हेडचं आलं.

जाताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या. "गाढव तेवढं सांगायचं होतंस. लवकर आटपलं असतं." हसल्या की काय, ते मला कळलं नाही.

पेरणीआधी रिपोर्ट पाठवायची वेळ आली, तेव्हा मी त्यांना फोन केला. शाबासकी हवी होती बहुतेक. ओळ बदलली, म्हणून सांगितलं.

"पीक कुठलं?"

"कनोला." मोहरीच्या जातीचं पीक ते.

"बियाला लागून किती टाकायचं, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग कोंब जळतील की. गहू सोसतो तेवढं ते सोसत नाही. बियापाशी थोडंच, बाकीचं बाजूला. लिही."

फोन बंद झाला.

मी लिहिलं. वाचून दाखवायला पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. थोड्या वेळाने परत लावला, त्यांनी उचलला नाही. ओळ बरोबर आहे का, हे विचारावं असं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. मी ती आणखी एकदा वाचली आणि रिपोर्ट पाठवून दिला.