न ओरडणारे पक्षी

माझ्या चुलत सासऱ्यांइतका तलाव पाहिलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात नसेल, आणि त्यांना तर धड दिसतही नव्हतं. डोळ्यांत काचबिंदू होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात सगळे त्यांना काकाजी म्हणत. पातूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथला तलाव कितीतरी वर्षं गाळानं भरला होता. मधोमध बाभळी वाढल्या होत्या, शेळ्या चरायच्या. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी गावानं श्रमदान करून गाळ उपसला, काठाची पाळ नीट बांधून काढली. पाणी आलं, मागोमाग लव्हाळे आले, कमळं आली, पाखरं आली, आणि नेमका तेव्हाच काकाजींच्या डोळ्यांपुढे पडदा आला.

दुसरा कोणी असता तर ओसरीवर बसला असता. काकाजी मात्र उजाडलं की तलावावर. पाळीवर अनवाणीच चालायचे. इथं दगड, इथं मऊ, इथं खेकड्याचं बीळ, हे त्यांच्या तळव्यांना पाठ होतं. पाखरं ते कानांनी ओळखायचे. टिटवी ओरडली की तिला म्हणायचे, "मीच आहो व बाई, कल्ला करू नको." लोक हसले, तर ते म्हणत की डोळे असलेल्यांनी अजून तलाव पाहिलाच कुठं आहे.

मी तेव्हा नवी सून. माझे मालक अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरी यायचे ते रविवारीच. काकाजींची भाकरी पाळीवर पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मोठ्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. किती शिकलीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चार बोटं दाखवली. त्यांना दिसत नाही हे ध्यानातच आलं नाही. मग कसंबसं पुटपुटले. ते खूश झाले. म्हणाले, "चौथी? मंग तुह्यापाशी शब्द असतीन." त्या दिवसापासून मला रोज भाकरीनंतर तलावावर हिंडवू लागले.

सायकल त्यांनी सोडली नव्हती. ते पाय चालवणार, मी मागे बसून डोळे चालवायचे, असं ठरलं. मी कॅरिअरवर, पदर नाकापर्यंत. शेतातल्या बाया निंदण सोडून बघत उभ्या राहिल्या. सरळ पाळीवर काकाजींनी सायकल झकास नेली. पुढे पाळ वळते, ते वळण मला लांबूनच दिसलं. पण सासऱ्यांना 'थांबा' म्हणायचं म्हणजे हुकूमच सोडण्यासारखं. तेच आदरानं कसं म्हणावं याचा विचार करत होते, तोवर सायकल, काकाजी आणि मी, तिघंही लव्हाळ्यात.

कमरेइतक्या पाण्यात बसून त्यांनी विचारलं, "तुले वळण दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही मोठे."

ते इतके हसले की कडेचे बगळे उडाले. म्हणाले, "पोरी, पाण्यात लहानमोठं नसते. ओलं असते, नाहीतर कोरडं."

तेव्हापासून मी बोलू लागले. काकाजी भोयाचा डोंगा मागून आणायचे. खोडातून कोरलेला, दोघांपुरता. मागे उभे राहून ते बांबूनं रेटायचे, मी पुढे बसून दिसेल ते सांगायची. कमळांच्या मधोमध गेलं की वरही आभाळ आणि खालीही आभाळ. श्वास जोरानं घ्यायची भीती वाटायची. एकदा सगळी बदकं एकदम उठली आणि ऊन झाकलं गेलं. माझे शब्द संपले. फोडणीत मोहरी उडावी तशी उडाली, एवढंच म्हणता आलं. काकाजींनी मान डोलावली.

एक गोष्ट ते दर खेपेला विचारायचे. त्यांच्या लहानपणी, तलाव बुजण्याआधी, हिवाळ्यात उंच पायांचे पक्षी यायचे. पाठीवर गुलाल सांडल्यासारखे. ते कधी ओरडत नसत. "बाकी सारे मले कानानं दिसतेत," ते म्हणायचे. "हे आले तरी मले समजाचं नाही." म्हणून मला विचारायचं: आले का?

दोन हिवाळे मी नाही म्हटलं. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला, बरगड्या दिसू लागल्या. सासूबाईंनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं की आले म्हण, तुझं काय जातं, म्हातारा समाधानानं जाईल. मी डोंग्यात बसले तेव्हा ते 'आले' माझ्या तोंडात तयार होतं. त्यांनी विचारलं. मी चहूकडे पाहिलं. नुसते पांढरे बगळे.

"नाही आले, काकाजी."

बांबू थांबला. ते म्हणाले, "बरं केलं. आले म्हणाली असतीस तं मी मानलं असतं."

त्या दुखण्यातून ते उठले. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी धुकं विरलं आणि लव्हाळ्यांपलीकडे ते उभे होते. पाठीवर गुलाबी रंग, पाय पाण्यात, कसलाही आवाज नाही. माझाही आवाज फुटेना, आणि या वेळी लाजेनं नाही.

"आले," मी म्हटलं.

काकाजींनी बांबू डोंग्यात आडवा ठेवला. डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच खाली बसले. किती, म्हणून विचारलं. मी मोजून सात सांगितले. "सांग," ते म्हणाले. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी सांगत राहिले. तो त्यांचा शेवटचा हिवाळा. खरंच का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.