रतनबाईची काठोकाठ बाटली

चाँदभाई कंपाउंडरांनी रतनबाईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती लोणावळ्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती आणि पळसाच्या पानात गुंडाळलेल्या एका बाटलीवर ऊन पडू नये म्हणून पदर धरून होती. शेजारी बसलेल्या हौशीराम नावाच्या रोग्याने मान लांब करून विचारलं, "मध हाय का गं?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्या भावाचाच हाय. चाटता का?"

चाँदभाई मोठ्यानं हसले. त्या आठवड्यात ते त्यानंतर हसले नाहीत.

हे १९२१ सालचं. रतनबाई जवळच्याच औंढ्याची. तिचा नवरा मारुती पहिल्या महायुद्धात फौजेची खेचरं हाकायला इराकात बसऱ्याला गेला होता. परत आल्यापासून त्याला लघवीच्या शेवटी रक्त जाई. डॉक्टरांनी मुतखडा ठरवला होता, आणि पुण्याला नेऊन तो कापून काढायची चिठ्ठी येत्या सोमवारसाठी लिहूनही ठेवली होती. लढाईला न भ्यालेला माणूस त्या चिठ्ठीला भ्याला. त्याचं जेवण सुटलं.

चाँदभाईही बसऱ्याच्या फौजी इस्पितळात तीन वर्षं जखमा बांधणारे ड्रेसर होते. तिथल्या कालव्यात उतरणाऱ्या कितीतरी शिपायांना असंच रक्त जायचं आणि त्यांच्या पोटात खडा नसायचा. पाण्यातले कृमी कातडीतून अंगात शिरत, मूत्राशयाशी घर करत आणि लघवीवाटे त्यांची अंडी पडत. त्या अंड्याच्या एका टोकाला काटा असे.

"साहेब, एकदा तपासू द्या," त्यांनी डॉक्टरांना गळ घातली.

"चाँदभाई, मावळात असला रोग मी कधी पाहिला नाही."

"मावळात नाही साहेब, मारुतीत आहे."

"मग काटा दाखवा. सोमवारपर्यंत वाट बघतो."

म्हणून मारुतीची लघवी भरून ती बाटली आली होती. चाँदभाईंनी ती निमुळत्या पेल्यात ओतली, गाळ खाली बसू दिला, तळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अंडं एकही दिसेना. नुसते लांबट, केसाळ जीव सैरावैरा पळत होते.

"बाई, यात पाणी घातलंस?"

"म्या? न्हाई बा. बाटली धुतली निस्ती."

"झालं! धुतलेलं पाणी राहिलं. हे सगळे विहिरीतले किडे." त्यांनी पेला मोरीत उलटा केला आणि उकळून वाळवलेली दुसरी बाटली तिच्या हातात दिली. "ही धुवायची नाही, पुसायची नाही, हुंगायची नाही. शेवटी रक्त येतं तेवढीच लघवी यात धरायची."

"हुंगतंय कोन!" म्हणून ती गेली.

रतनबाई मोकळ्या हातानं कुठे जायची नाही. जाताना वाटेत सरपण वेचायची, येताना कुणासाठी तरी भाजीची जुडी आणायची. गुरुवारी ती तासाभराची वाट तुडवून आली तेव्हा एका हातात अंबाडी होती आणि दुसऱ्या हातात बाटली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

पुन्हा तेच केसाळ जीव. पुन्हा तीच पळापळ.

"शेवटचे थेंब सांगितले होते ना मी?" चाँदभाईंचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "एवढी बाटलीभर? घरी घोडा बांधलाय का?"

रतनबाईनं पदराचं टोक पिळलं. "तळाला घोटभर व्हती वो भाऊ. येवढ्या मोठ्या बाटलीत घोटभर घिऊन दवाखान्यात यायचं? लोकाच्या दारात अर्धं भांडं कुनी नेतं का? वर वाईच इहिरीचं वतलं."

"म्हणजे पाणी घातलंस!"

"घातलं न्हाई. भरती केली."

चाँदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, हे काय हळदीकुंकवाचं वाण आहे? आज गुरुवार. सोमवारी तुझ्या नवऱ्याला कापणार, आणि मी इथे तुझ्या विहिरीतले किडे बघत बसलोय!" तोही पेला मोरीत गेला. "शनिवारी त्यालाच घेऊन ये. आणि विहिरीचं नुसतं पाणी आण लोटाभर. काय पिता ते दाखवतोच तुला दुर्बिणीतून."

हे मात्र तिला लागलं. "आमची इहीर गावात समद्यात ग्वाड हाय," ती म्हणाली. "आनते."

शनिवारी मारुती मुंडासं काखेत धरून मागे उभा राहिला, आणि रतनबाईनं काठोकाठ भरलेला पितळी लोटा टेबलावर आदळला. पाण्याचा गाळ खाली बसू देऊन चाँदभाईंनी पहिला थेंब पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. शेवाळाचा एक धागा आणि मातीचे कण, बाकी पळणारं काही नव्हतं.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मंग! काय म्हनत व्हते म्या?"

ते जीव विहिरीतले नव्हते, तर आले कुठून? बसऱ्याला प्रत्येक शिपायाला चाँदभाई बजावत, पाणी घालायचं नाही. त्याचं कारण तिथल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं. पाणी लागलं की अंडी फुटतात आणि पिल्लं पोहत सुटतात. नियम तेवढा चाँदभाईंच्या तोंडात बसला होता, कारण विसरलं होतं. दोनदा रोग त्यांच्या हातात आला होता, आणि दोनदा त्यांनी तो मोरीत ओतून वर बाईलाच झापलं होतं.

"मारुती, हा पेला घे. मागं जाऊन ये. फक्त शेवटचे थेंब," ते म्हणाले. "आणि तू हलू नकोस बाई. तो लोटा इकडे सरकव आधी, नाहीतर पुन्हा भरती करशील."

अर्ध्या तासानं त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिले. मग म्हणाले, "आणखी एक अंडं दाखवा." चाँदभाईंनी आणखी तीन दाखवली. तिन्हींना काटा होता. डॉक्टरांनी खणातून पुण्याची चिठ्ठी काढली आणि फाडली.

"तुझी विहीर चांगली आहे," चाँदभाई रतनबाईला म्हणाले. त्यांना माफीच मागायची होती, पण एवढंच जमलं.

"त्ये मला ठाव हाय," ती म्हणाली.

मारुतीला महिनाभर एक दिवसाआड शिरेत कृमी मारणारी अँटिमनीची इंजेक्शनं दिली. तो ओकायचा, खोकायचा आणि चाँदभाईंना शिव्या घालायचा. दिवाळीच्या सुमाराला रक्त थांबलं.

रतनबाई आता साठीला टेकली आहे. घरात तीन सुना आहेत, तरी पाणी तीच भरते, त्याच विहिरीचं.