मामाचं पहिलं 'नाही होणार'

बांधकामाच्या साइटवर माझ्या मामाला तोंडावर सगळे 'सुपरवायझर साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'होऊन जाईल'. प्लास्टर कधी होणार? होऊन जाईल. लिफ्टचा खड्डा? होऊन जाईल. मामा खोटारडा मुळीच नव्हता. समोरच्याचं उतरलेलं तोंड त्याला बघवायचं नाही, एवढंच. त्यामुळे कामं रखडायची, पण तोंड कुणाचं उतरायचं नाही.

मग नव्या इंजिनिअर मॅडम आल्या आणि त्यांनी शेडमध्ये फळा टांगला. रोज सकाळी गवंडी, प्लंबर, सुतार सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून आपापल्या कामाची चिठ्ठी चिकटवायची. नक्की होईल तेवढंच कबूल करायचं आणि मालही तेवढाच मागवायचा. सगळं एकदम उकरून ठेवायचं नाही. ज्याची गरज आधी, ते आधी वापरण्याजोगं करून द्यायचं. 'होऊन जाईल' लिहायला बंदी होती, त्यामुळे मामाची चिठ्ठी बरेचदा कोरीच असायची.

"नाही होणार, असं म्हणा की साहेब," मॅडम म्हणायच्या. मामा नुसता घाम पुसायचा.

खरी पंचाईत घरी झाली. मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी बजावलं, की घरात कमोड आणि धरायला दांडा हवाच. मामाने उत्साहाच्या भरात बाथरूमच्या चारही भिंती सोलून काढल्या आणि टाइल्सची इतकी खोकी आणली, की हॉलमधला टीव्ही दिसेनासा झाला. कमोडचा मात्र पत्ता नव्हता.

ऑपरेशननंतर मी आणि मामा दवाखान्यात गेलो, तेव्हा मामीने विचारलं, "अहो, शनिवारी सोडतायत. बाथरूम होईल का? नसेल तर सरळ सांगा, मी दादाकडे जाते."

तिचा दादा राहतो दूरच्या गावी आणि बहीण एकदा हाती लागली की लवकर सोडत नाही. इकडे मामीशिवाय मामाला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नाहीत. मला त्याची कीव आली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाही होणार," तो म्हणाला. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्याचा. "म्हणजे, टाइल्स नाही होणार. कमोड आणि दांडा नक्की होईल. भिंती तेवढ्या उघड्या दिसतील."

"मला काय भिंतीवर बसायचंय?" मामी म्हणाली.

शनिवारी मामी घरी आली. मामाने दांड्याला स्वतः लोंबकळून आधीच खात्री करून घेतली होती. मामी आत जाऊन आली, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "टाइल्स कधी?"

मामाने खरोखर विचार केला. "या महिन्यात नाही."

मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा घाबरला. "अगं, रडू नकोस, बघतो मी, होऊन—"

"गप्प बसा!" मामी डोळे पुसत म्हणाली. "इतक्या वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा मला पक्कं कळलंय, की एखादी गोष्ट होणार नाही. किती बरं वाटतंय!"