साडेदहा फुटांची मोरी

नागपूरहून मडगावच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या बायकोच्या, म्हणजे कुसुमच्या, पिशवीत दोन जुने पंजाबी ड्रेस पोहण्यासाठी वेगळे बांधलेले होते आणि माझ्या खिशात पाच मीटरचा टेप होता. नंदनवनला माझं कूलरचं दुकान आहे. दुसऱ्याकडे पत्रा कापत कापत स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. टेप खिशात नसला की मला चप्पल विसरल्यासारखं वाटतं. कूलरवाल्याला फुरसत थंडीतच, म्हणून डिसेंबर.

पण मी काही फुरसत घालवायला निघालो नव्हतो. कुसुम रामटेककडची. तिच्या गावाला मोठा तलाव आहे आणि लग्नाआधी ती तो एका दमात पार करायची, असं तिच्या माहेरी अजून सांगतात. लग्नानंतरच्या एकतीस वर्षांत ती एकदाही पोहली नाही. आमच्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, ठाण्याचा माझा साळा म्हणाला, "भाऊजी, एवढं कमावलंत, पण ताईला उतरायला एक डबकं तरी दाखवलंत का?" सगळे हसले. कुसुमही हसली. तिचं ते हसणं मी दीड वर्ष घोकत होतो. शेवटी ठरवलं, डबकं कशाला, समुद्रच दाखवतो. ती पोहेल, मी फोटो काढीन आणि तो फोटो पहिल्यांदा ठाण्याला जाईल.

कुडाळला उतरून एसटीनं मालवणच्या बाजूला खाडीच्या तोंडावरच्या एका लहान गावात पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे वाचाल तर कारण कळेल. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि समोर एकदम सगळं निळं. कुसुमनं कपाळावर हात धरून डावीकडून उजवीकडे पाहिलं.

"बाप्पा! याले तर दुसरा काठच नाही."

"समुद्राले काठ राहते काय वं?"

"मंग पोहून जाचं कुठी?"

मी इतका हसलो की हातातली बॅग वाळूत पडली.

उतरलो ते सुलोचनाबाईंकडे. साठीच्या, सकाळी मासे विकणाऱ्या आणि घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या. खोलीच्या भावावरून आमची चांगली जुंपली. मी दोनदा पायऱ्या उतरून गेलो, त्यांनी दोन्ही वेळा बोलावलं नाही, तेव्हा मीच परत आलो. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "वैनी, पाण्यात जाव नका हां. खाडीच्या तोंडार मोठी मोरी फिरता हा." मोरी म्हणजे शार्क.

कुसुमचा चेहरा उतरला. माझं डोकं तापलं.

"केवढी आहे?" मी विचारलं.

"धा फूट."

"सहा."

"सहा कसली? धा!"

"बरं, तुमचं ना माझं. सात."

सुलोचनाबाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "ह्यो काय कांद्या-बटाट्याचो बाजार हा?"

माझ्या मनात हिशेब लागला होता. त्यांचे दीर बाबलकाका होडी चालवतात. पाहुणे पाण्यात उतरले नाहीत तर होडीत बसणार. मी स्वतः मार्चमध्ये गिऱ्हाइकाला सांगतो, यंदा उन्हाळा जीवघेणा आहे. सांगायची पद्धत ओळखू येते.

संध्याकाळी बाबलकाकांकडे गेलो तेव्हा माझी खात्रीच पटली. त्यांनी लुंगी वर करून पोटरीवरचा चंद्रकोरीसारखा व्रण दाखवला. जाळं ओढताना लहान मोरीनं धरलेली जागा, म्हणाले. दुसऱ्याच्या कंपनीचा गंजलेला पत्रा मीही दुकानात ठेवतो, गिऱ्हाइकाला दाखवायला. मी टेप काढला आणि त्यांची होडी मोजली. पंधरा फूट. "एवढीशी होडी आणि हा भाव?" म्हणून भाव पाडला. काका न चिडता म्हणाले, "सकाळी अन् सांजवेळी नको. खाडीतून गढूळ पाणी भायर येता, त्याच्याबरोबर मासळी. मोरी मासळीच्या मागे येता. गढूळ पाण्यात तिका माणसाचो पाय खयचो आणि मासो खयचो, कळणा नाय."

मला वाटलं, तयार केलेलं भाषण आहे.

रात्री ताटात लहान मोरीचं मटण आलं. नारळाचा दाट रस्सा, काटा नावाला नाही. मी घरून आणलेला ठेचा बाजूला घेऊन तीन वाट्या संपवल्या. "पाहा," मी कुसुमला म्हणालो, "जिले भिऊन राहिली होतीस, तिलेच खाऊन राहिली."

"तिची माय बाहेर आहे म्हणतात न," ती म्हणाली आणि सोलकढी प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण चालू होती. अर्ध्या गोलात लांबच लांब जाळं टाकून दोन्ही टोकांनी माणसं ते दोरखंडांनी वाळूवर ओढतात. पाणी चहासारखं दिसत होतं. जाळ्याच्या पलीकडे काकांची होडी. कुसुम ओढणी कंबरेला बांधून उभी होती.

"खरंच जाऊ?"

"जा वं! मी आहो न इथं." मी मोबाइल काढला.

मला पोहता येत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. मी म्हणजे किनाऱ्यावर मोबाइल धरलेला माणूस.

ती कंबरभर पाण्यात गेली असेल, तोच मागून अशी आरोळी आली की दोर ओढणारे थांबले. सुलोचनाबाई माशांची पाटी फेकून धावत होत्या. "भायर ये गो! वैनी, भायर ये!"

मी ओरडणार होतो, आमच्या मधे पडू नका म्हणून. तेवढ्यात होडीच्या अंगाला पाण्यातून काहीतरी वर आलं. तिकोनी, करड्या रंगाचं, ओल्या दगडी पाटीसारखं. मागून लाट उचलली गेली आणि त्या लाटेच्या पोटात ती अख्खी दिसली. होडीला लागून, सावकाश, घाई नसलेली. नाक होडीच्या टोकाशी आणि शेपूट बसायच्या तिसऱ्या फळीच्या मागे. मग लाट फुटली.

मी कसा पाण्यात शिरलो ते मला आठवत नाही. गुडघाभर पाण्यात कुसुमचा हात सापडला. खरं म्हणजे तिनंच मला धरून बाहेर आणलं, कारण मी उलट्या दिशेला चाललो होतो.

वाळूवर बसून ती खूप वेळ धापा टाकत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सात फूट होती काय?"

आणि ती हसायला लागली. सुलोचनाबाई हसायला लागल्या, दोर धरलेली माणसंही. शेवटी मीही.

होडी वाळूवर ओढल्यावर मी गुपचूप टेप लावला. टोकापासून तिसऱ्या फळीच्या मागच्या कडेपर्यंत. साडेदहा फूट.

सुलोचनाबाईंसमोर गेलो तेव्हा माफी कशी मागतात ते मला सुचेना. म्हणालो, "बाई, तुम्ही अर्धा फूट कमी सांगितला."

"पावणे जास्त भियाक नयेत म्हणान," त्या म्हणाल्या.

तीस वर्षं मी समोरच्याचा पहिला आकडा फुगवलेला धरत आलो. या बाईनं स्वतःहून कमी केला होता, आणि मी त्यातूनही तीन फूट पाडले होते. त्या भावानं मी कुसुमला पाण्यात उतरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी, आमच्या शेवटच्या दिवशी, ऐन दुपारी सुलोचनाबाई आम्हाला उलट्या बाजूला घेऊन गेल्या, खाडीपासून दूर, टेकडीच्या पलीकडे. तिथं काळ्या खडकांनी समुद्राला जवळजवळ कुंपण घातलंय. ओहोटीची वेळ. आत पाणी इतकं स्वच्छ की तळाचे शिंपले मोजून घ्यावेत. "हयसर आमची पोरां पोवाक शिकतत," म्हणून त्या उंच खडकावर समुद्राकडे तोंड करून राखणीला बसल्या.

कुसुम हळूच आत गेली. आधी नुसती तरंगली. मग एकदम तिचा उजवा हात वर आला, आणि मी एकतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला ती बाई मला पहिल्यांदा दिसली. या खडकापासून त्या खडकापर्यंत, वळून परत, पुन्हा वळून परत. पाणी तिला वाट करून देत होतं. मधेच तोंड वर करून ओरडली, "अहो! खारट आहे!"

मी घोटाभर पाण्यात उभा राहून टाळ्या वाजवत होतो. फोटो काढायचा राहिला, हे परतीच्या गाडीत वर्धा गेल्यावर आठवलं.

परवा दुकानात साळ्याचा फोन आला. मी मोरीचं सांगितलं. "भाऊजी, पाच-सहा फूट असेल हो. पाण्यात मोठं दिसतं."

मी फोन स्पीकरवर टाकला, टेप काढला आणि दुकानाच्या फरशीवर साडेदहा फूट ओढला. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. "साडेदहा," मी म्हणालो. "एकच भाव."

मग हळू आवाजात त्यानं विचारलं, "आणि ताई? ताई किती पोहली?"

मी टेपकडे पाहिलं. तो पाचच मीटरचा होता.

"तेवढा टेप अजून आणला नाही," मी म्हणालो.