लवकर सुटून आलेला माणूस

बेचाळीसच्या चळवळीत आमच्या भागातली बरीच माणसं बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात गेली. त्यांत माझे मालकही होते. निपाणीजवळच्या आमच्या गावातून ते लोकल बोर्डावर निवडून गेलेले. मराठी आणि कानडी, दोन्हींत सभा गाजवणारे. बाकीचे अजून आत होते आणि हे मात्र एके दिवशी एकटेच दारात येऊन उभे राहिले.

मी ओवाळलं. शेजारीपाजारी येऊन बसून गेले. पण तुरुंगातलं कुणी काहीच विचारलं नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

विहिरीवर मास्तरांची बायको मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुणाकुणाचं नशीब लई चांगलं बाई. आमचे अजून आतच हायेत." गावच्या शाळेतले मास्तर माझ्या मालकांबरोबरच पकडले गेले होते. पूर्वी ती माझ्यासाठी थांबायची. त्या दिवशी घागर उचलून निघून गेली.

यांनी माफी लिहून दिली, असं गावात बोललं जाई. कुणी म्हणे, नावंही सांगितली. मी घरात अवाक्षर काढलं नाही, पण माझी नजर बदलली. हे कुणाशी बोलतात, रस्त्यात फौजदार भेटला तर मान कशी हलवतात, सगळं बघू लागले. शेवटी जेवताना विचारलंच.

"तुम्हालाच कसं हो सोडलं?"

"सोडलं म्हणून आलो. आमटी वाढ."

पुढं लढाई संपली, मंडळी सुटली, असेंब्लीच्या निवडणुका लागल्या. यांना उमेदवारी मिळाली. पहिल्याच सभेत मास्तर उभे राहिले. "आधी सांगा, माफी लिहून दिली का न्हाय?"

"मी कशावरबी सही केलेली न्हाय," हे म्हणाले.

"मग सरकारला तुमची दया आली व्हय?"

लोक हसले. हे खाली बसले. बायकांच्या घोळक्यात मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी माझे वडील आले. ते पलीकडच्या गावचे पाटील, सरकारच्या मर्जीतले. सभेचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"त्यांनी सही केली न्हाय, पोरी," ते म्हणाले. "बेळगावला कलेक्टर सायबाकडं मी गेलतो. जावई परत राजकारणात पडणार न्हाईत, असा मी शब्द दिला. तुझे हाल बघवंनात."

"त्यांना ठाव हाय, आप्पा?"

"सुटल्यावर सांगितलं. लई चिडले, तुमचा शब्द मी पाळणार न्हाय म्हणाले. मग म्हणाले, लेकीला सांगू नका, बापाचं तोंड बघणार न्हाय ती."

मी तशीच आत गेले. "मास्तरांना सांगून टाका की," यांना म्हणाले.

"आणि गाव तुझ्या बापाच्या दारात शेण टाकंल, ते? ऱ्हाऊ दे."

आप्पांनी ऐकलं नाही. स्वतः मास्तरांकडे गेले, सगळं सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "सासरा जावयाचंच सांगणार."

हे निवडून आले, पण आमच्याच गावात मतं कमी पडली. स्वातंत्र्याच्या दिवशी शाळेच्या पटांगणात यांच्या हातून झेंडा चढला. मास्तर मागं उभे होते. त्यांनी झेंड्याला सलाम केला. हे गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले.

"मास्तर, घरी या की एकदा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"बघू," ते म्हणाले आणि पोरांची रांग सरळ करायला गेले.