बेलिन्झोनाला कुणीही उतरणार नाही

झुरिकहून रोमला जायला आम्ही चौघांनी मिळून अठ्ठावीस तिकिटं काढली होती, आणि ती सगळी माझ्या हुशारीने काढली होती.

आधी माझ्या हुशारीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. भाडं कमी पडतं म्हणून आम्ही उम्म अल कुवैनला राहतो. माझं ऑफिस लांब दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला. वाचलेलं भाडं मी रोज पेट्रोल आणि टोलमध्ये घालते, आणि त्यातूनही उरलं तर पाठदुखीच्या डॉक्टरला देते. (पण भाडं कमी आहे, हे तुम्हाला मान्य करावंच लागेल.) नवरा अबू धाबीच्याही पलीकडे, रुवैसच्या रिफायनरीत इंजिनीअर. तो शुक्रवारी येतो आणि रविवारी परत जातो, त्यामुळे आठवड्याभराची भांडणं मी फोनवर उरकून घेते.

सासूबाई आमच्याकडेच असतात. सांगलीच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. हातात छडी घेऊन पोरांना नकाशावर आल्प्स दाखवायचा. स्वतः पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे पन्हाळा. यंदा रिफायनरीतलं दुरुस्तीचं शटडाऊन संपलं आणि ह्यांना कधी नव्हे ती सलग दहा दिवस रजा मिळाली, तेव्हा सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं.

"मनीषा, आल्प्सच्या पोटातून आगगाडीने जायचंय गं एकदा. इतकी वर्षं न बघता शिकवलं, त्याची लाज वाटते."

ज्या बाईने माझ्या साबुदाण्याच्या खिचडीलाही कधी नाव ठेवलं नाही, ती काही मागतेय म्हटल्यावर माझा जीवच गलबलला. न्यायचं म्हणजे न्यायचंच, असं मी ठरवून टाकलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसात जेवताना एका कलीगने मला ते ज्ञान दिलं. युरोपात लांबचं तिकीट एकदम काढायचं नसतं म्हणे. मधल्या स्टेशनांवर तोडून तुकड्यातुकड्यांत काढायचं. गाडी तीच, उतरायचं नाही, फक्त तिकिटं वेगळी. स्वस्त पडतं.

त्या रात्री मी जेवले की नाही, आठवत नाही.

"मॉम, यू हॅव लाइक थर्टी टॅब्स ओपन," आमची इरा म्हणाली. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं.

"झुरिक ते आर्थ-गोल्डाऊ, तिथून बेलिन्झोना, तिथून कियासो, मग कोमो, मग मिलान. पुढचे दोन तुकडे अजून काढायचेत. दोनशे दहा दिरहम वाचतायत, इरा. म्हणजे पाच हजार रुपये!"

"फॉर फोर पीपल? दॅट्स लाइक टू पिझ्झाज ईच."

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि 'पे' दाबून रुवैसला फोन लावला.

"पण आपला व्हिसा अजून यायचाय ना?" ह्यांनी विचारलं.

"येईल, इन्शाल्ला."

"आणि नाही आला तर? तिकिटं रिफंडेबल आहेत ना?"

"अहो, रिफंडेबल असती तर स्वस्त कशी मिळाली असती?"



व्हिसाच्या सेंटरला आम्ही चौघं नटूनथटून गेलो. ह्यांनी त्यासाठी रजेचा एक दिवस मोडला होता. सासूबाईंनी इरकल नेसली होती. माझ्या फाइलमध्ये पगाराचे दाखले, बँकेची स्टेटमेंट्स, इन्शुरन्स, हॉटेलं आणि ती अठ्ठावीस तिकिटं. काउंटरवर केरळची एक गोड मुलगी होती, शीजा नावाची. पहिली पाच मिनिटं ती खरंच गोड होती.

"मॅडम, आर्थ-गोल्डाऊ का होटल बुकिंग किधर है?"

"उधर नहीं रुकेंगे."

"फिर टिकट उधर तक क्यों?"

"उधर से दूसरा टिकट है ना."

"दूसरा ट्रेन?"

"नहीं, सेम ट्रेन."

"तो उतर के वापस चढ़ेंगे?"

"उतरेंगेच नहीं!"

शीजाने पेन खाली ठेवलं. मग तिने एकेक तिकीट टेबलावर मांडायला सुरुवात केली. टेबल संपलं तेव्हा तिने कीबोर्ड बाजूला सरकवला.

"मॅडम, इसमें कोच फोर है, बेलिन्झोना के बाद कोच नाइन. सेम ट्रेन बोला ना आपने?"

हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रत्येक तुकड्याला वेगळी सीट मिळाली होती.

"म्हणजे मी बोगद्यातून पळत डबे बदलायचे?" सासूबाईंनी विचारलं.

"बोगद्यात नाही आई, बोगदा संपल्यावर. बेलिन्झोनाला."

"बेलिन्झोना?" सासूबाई एकदम ताठ झाल्या. "अगं, तिथे तीन किल्ले आहेत! उत्तरेकडून येणारी वाट अडवायला बांधलेले." आणि त्या शीजाकडे वळल्या. सांगलीची हिंदी, तीही वर्गात शिकवायच्या सुरात. "देखो बेटा, वहाँ तीन किल्ला है. सब घाट वहाँ इकट्ठा होते हैं. बहुत महत्त्व का जगह है."

"तो आप उधर उतरेंगी, आंटी?"

"उतरना तो मंगताच है."

"आई!" मी म्हणाले.

शीजाने स्क्रीनवर काहीतरी टाइप केलं. काय ते मला दिसलं नाही, पण बरंच मोठं होतं.

"मॉम, शी थिंक्स वी आर गोइंग टू डिसअपिअर इन द माउंटन्स," इरा कानात म्हणाली.

इतका वेळ गप्प बसलेल्या ह्यांना नेमका इथे पुरुषार्थ सुचला. "मैं समझाता हूँ," म्हणत त्यांनी फाइलच्या पाठीवर एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर सहा फुल्या मारल्या. "ये मेन पाइपलाइन. ये वॉल्व. सब वॉल्व ओपन. हम लोग फ्लो में हैं. बीच में लीकेज झीरो."

शीजाने सुपरवायझरला बोलावलं.

सुपरवायझर सुटाबुटातले, शांत गृहस्थ होते. त्यांनी पाइपलाइन पाहिली, तिकिटांचा पसारा पाहिला, इरकल पाहिली. फाइल अशीच पुढे गेली तर अधिकारी विचारणार की ही माणसं मधल्या सहा ठिकाणी काय करणार आहेत, आणि अर्ज नामंजूर होऊ शकतो, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. सासूबाई नुसत्या मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. पाच हजार रुपयांसाठी आपण ह्या बाईचा आल्प्स घालवला, ह्या विचाराने मला रडूच यायला लागलं.

"एक काम कीजिए," सुपरवायझर म्हणाले. "पूरी जर्नी का एक सीधा टिकट दिखाइए. और एक लेटर लिखिए कि बीच में कोई नहीं उतरेगा. खलास."

मी तिथेच खुर्चीत बसून फोनवर चार सरळ, अखंड, पूर्ण दराची, रिफंडेबल तिकिटं काढली. किंमत सांगत नाही. ह्यांनी मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि डोळे मिटून घेतले. मग मी पत्र लिहिलं. मधली सगळी स्टेशनं ओळीने लिहून खाली स्पष्ट केलं, की वरीलपैकी एकाही ठिकाणी, विशेषतः बेलिन्झोनाला, आमच्या कुटुंबातील कुणीही उतरणार नाही. विशेषतः हा शब्द शीजाने सुचवला. खाली सही केली.

दोन आठवड्यांनी चारही पासपोर्ट व्हिसा लागून आले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी त्याच दिवशी ती चार अखंड तिकिटं रद्द करून पैसे परत मिळवले. (हसू नका. अठ्ठावीस तिकिटं होती ना अजून.)

झुरिकहून गाडी सुटली, बोगदा आला. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या. बाहेर मिट्ट काळोख होता, पण अख्खा वेळ त्यांनी मान वळवली नाही. "आपल्या डोक्यावर आता काय असेल, कल्पना आहे का तुला?" त्या इराला म्हणाल्या, आणि पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "सांग ना आजी." त्या क्षणाला मी स्वतःवर जाम खूश होते.

मग बेलिन्झोना आलं. मधल्या डब्यांतून चौघांना एकदम जायला जागा नव्हती, तेव्हा मीच हुकूम सोडला, की आई, इरा आणि मी खाली उतरून फलाटावरून नऊ नंबरच्या डब्याकडे जायचं, आणि ह्यांनी चारही बॅगा घेऊन आतून यायचं. आम्ही उतरलो. दहा पावलं गेलो आणि सासूबाई थांबल्या.

समोर डोंगर उभे होते, आणि एका उतारावर खरोखरच किल्ला होता.

"नकाशात हा भाग नुसता तपकिरी असतो गं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आई, चला, गाडी सुटेल."

"सुटू दे. माझ्या तिकिटावर बेलिन्झोना लिहिलंय. मी बेलिन्झोनाला उतरले."

"अहो, पण..."

"आजी हॅज अ पॉइंट," इरा म्हणाली.

दारं बंद झाली. खिडकीतून हे चारही बॅगांसह आमच्याकडे बघत पुढे सरकत गेले. मी घाईघाईने फोन लावला.

"अहो, उतरला का नाहीत?"

"तू लिहून दिलंयस ना," पलीकडून अगदी शांत आवाज आला. "मी फ्लोमध्ये आहे."

आम्ही तिघींनी तिन्ही किल्ले पाहिले. सासूबाईंनी प्रत्येक किल्ल्यावर तासभर शिकवलं, आणि एका जपानी जोडप्याने शेवटी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला. संध्याकाळी बेलिन्झोना ते रोम अशी तीन नवीन तिकिटं काढली, पूर्ण दराने. जुन्या गाडीचे पुढचे सगळे तुकडे आमचे फुकट गेले. अठ्ठावीस तिकिटांपैकी कुणाचा पुरेपूर उपयोग झाला असेल, तर तो फक्त ह्यांच्या सातांचा.

परत आल्यावर मी हिशोब केला नाही. सासूबाईंनी किल्ल्याचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. त्याच्या शेजारी ह्यांनी माझ्या त्या पत्राची झेरॉक्स लावलीय, तीही फ्रेम करून. आलेला प्रत्येक पाहुणा आधी फोटो बघतो, मग पत्र वाचतो, आणि मग खालची सही कुणाची ते विचारतो. मी तोवर चहा ठेवायला आत गेलेली असते.