फाईल घेऊन ये

२००५ च्या वसंतात मी रोज सकाळी साडेसहापासून परक्या पुरुषांचे पाय हातात घेऊन बसत असे. पुण्याहून फिजिओथेरपी शिकून मी पुढच्या शिक्षणासाठी फ्रँकफर्टला आले होते आणि अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या खेळाच्या, एका संघाकडे अर्धवेळ मदतनीस म्हणून लागले होते. काम एकच: सरावाआधी खेळाडूंच्या घोट्यांना चिकटपट्टी बांधणं. एकेक पाऊल माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरायचं. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "एवढं शिकून लोकांचे पाय धरतेस?" मी म्हटलं, "अगं, धरत नाही, बांधते."

खेळाडू व्यावसायिक होते, पण थाट काही नव्हता. अमेरिकेतल्या बड्या संघांनी ज्यांना धड घेतलंही नाही आणि सोडलंही नाही, अशांना तीन महिने इकडे पाठवत. चमकले तर परत बोलावणं, नाहीतर घरी जाऊन दुसरं काहीतरी. शहराबाहेर एश्बॉर्न गावाजवळच्या हॉटेलात दोघांत एक खोली. दिवसभर सराव, बर्फाच्या पाण्यात बसणं आणि डावपेचांची एक जाडजूड फाईल पाठ करणं. परीक्षेआधी आम्ही करायचो तशीच घोकंपट्टी.

त्यांतला एक नेहमी माझ्याच टेबलावर यायचा. सव्वीस वर्षांचा, सव्वाशे किलोचा. समोरच्याला अडवून धरणं हे त्याचं काम, त्यामुळे चेंडू कधी त्याच्या हातात यायचाच नाही. "चूक झाली की तेवढं माझं नाव घेतात," असं हसत सांगायचा. घरी बायको आणि लहान मुलगी. सासऱ्यांनी गोदामातली एक नोकरी बघून ठेवली होती, ती त्याला नको होती. पण यंदाचं वर्ष शेवटचं, असं त्यानं बायकोला कबूल केलं होतं.

एका सोमवारी पट्टी बांधताना माझा हात त्याच्या गुडघ्याला लागला. गुडघा सुजलेला होता, गरम होता. त्यानं माझं मनगट धरलं. "डॉक, शनिवारचा सामना होऊ दे. बघायला अमेरिकेहून माणसं येतायत. तोवर कुणाला सांगू नकोस."

मी डॉक्टर नव्हते, तरी तो डॉक म्हणायचा आणि मला ते आवडायचं. दोन दिवस गप्प बसले. बुधवारी तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना दिसला, आणि मी मुख्य फिजिओंना सांगून टाकलं. ते जर्मन, शिस्तीचे. "गेनाऊ, बरोबर केलंत," म्हणाले. मला वाटलं, आठवडाभर विश्रांती देतील. खोटं कशाला सांगू, शाबासकीनं मी फुगलेच होते.

गुरुवारी त्याची तपासणी झाली. शुक्रवारी सकाळी प्रशिक्षकांच्या ऑफिसातून निरोप आला: त्याला वर पाठवा, फाईल घेऊन ये म्हणावं. मी उत्साहानं सांगायला गेले. "चल, बोलावलंय. फाईल पण घे, नवा डाव शिकवणार वाटतं!"

खोलीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. फाईल घेऊन ये, याचा त्या धंद्यात अर्थ एकच: फाईल परत कर, तुझं काम संपलं. तिथे झाडू मारणाऱ्या बाईंनाही हे ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तो दहा मिनिटांत खाली आला. हात रिकामे होते. "डॉक, तू सांगितलंस?"

"हो. तू लंगडत होतास. गुडघा कायमचा गेला असता."

"गेला असता," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पण तो माझा होता ना."

त्यानं बॅग उचलली आणि निघून गेला. मला रडू येत होतं. सांगितल्याचं नाही, ते मी आजही सांगेन. पण आधी त्याच्या तोंडावर म्हणायला हवं होतं की मी सांगणार आहे. तेवढी माझी हिंमत झाली नव्हती.

रांगेतला पुढचा खेळाडू टेबलावर बसला. त्यानं पाय पुढे केला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "माझं काहीही दुखत नाहीये."